‘आमच्या दवाखान्यात ती मशीनच नाही’

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा विषय निघाला की बचत गटाच्या बैठकीत असो नाहीतर शहरातल्या सोसायटीच्या हळदीकुंकवात, एक वाक्य ठरलेलं असतं. ‘सरकारी दवाखान्यात कुठे होते ती तपासणी? तिथे ती मशीनच नसते. खासगीतच जावं लागतं.’ गावातली आजी हे म्हणाली तर समजावून सांगता येतं. पण शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायका तेच म्हणतात, आणि कधीकधी दवाखान्यातली माणसंही तेच सांगून बाईला परत पाठवतात, तेव्हा मात्र राग येतो.

या तपासणीला मशीन लागतच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात जी तपासणी व्हायला हवी तिला व्हीआयए म्हणतात. तिला लागतं काय? तपासणीचं टेबल, चांगला प्रकाशझोत, निर्जंतुक केलेला स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून धरणारं साधन), कापसाचे बोळे आणि ३ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. किराणा दुकानात मिळणारं व्हिनेगर साधारण याच ताकदीचं असतं. नर्स स्पेक्युलम बसवते, तेव्हा गर्भपिशवीचं तोंड डोळ्यांना थेट दिसतं. त्यावरचा चिकट स्राव ती हलक्या हाताने पुसून घेते, अ‍ॅसिडात भिजवलेला बोळा लावते आणि घड्याळाकडे बघत मिनिटभर थांबते. निरोगी भाग गुलाबीच राहतो. पेशींत बिघाड सुरू झाला असेल तर तेवढी जागा पांढरी पडते आणि तिच्या कडा उठून दिसतात. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. कापणं नाही, भूल नाही, उपाशीपोटी यायची गरज नाही. थोडं चुरचुरतं, पण उठून लगेच कामाला जाता येतं. निकालही तिथेच कळतो, रिपोर्टसाठी हेलपाटा नाही.

ही काही कुणाची हौस म्हणून चाललेली शिबिरं नव्हेत. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर ५ वर्षांनी व्हीआयए व्हायला हवी, तोंडाच्या आणि स्तनांच्या तपासणीसोबत. आशाताई घरी येऊन जो सीबॅक फॉर्म भरतात तो याच कामाचा भाग आहे. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं का, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जातं का, संबंधांनंतर रक्त दिसतं का, पांढऱ्या पाण्याला घाण वास येतो का, असे प्रश्न त्यात असतात. सासू शेजारी बसलेली असताना यातल्या प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ असंच उत्तर मिळतं, ही गोष्ट वेगळी. आणि पैशांचं म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

मग बायका तपासून घेतायत का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, की ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली का. देशभरातून ‘हो’ म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोघीही नाहीत. आणि ग्लोबोकॅन या कॅन्सरच्या जागतिक आकडेवारीच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात या कॅन्सरचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण झाले आणि जवळपास ८० हजार बायका दगावल्या. हा आजार एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग झाल्यापासून कॅन्सर व्हायला बहुधा १० ते २० वर्षं जातात. एवढ्या वर्षांत एकदा नीट बघितलं असतं तरी यातल्या कितीतरी जणी वाचल्या असत्या.

यावर कोणी म्हणेल, आकडाच इतका कमी आहे म्हणजे सोय नाही हेच खरं ना? अर्धं खरं आहे, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. व्हिनेगर सगळीकडे मिळतं. तुटवडा आहे तो शिकवलेल्या हातांचा. प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टरची बदली होते आणि केंद्रातली तपासणी थांबते. खोलीला धड पडदा नसतो, बाहेर रांगेत गावातले पुरुष बसलेले असतात. संशयास्पद निकाल आला तर पुढची कॉल्पोस्कोपी (दुर्बिणीतून तपासणी) आणि बायोप्सी मोठ्या रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. कितीतरी जणी या दोन टप्प्यांच्या मधेच गळतात. हे सगळं मागण्यासारखं आहे, भांडण्यासारखंही आहे. पण ‘मशीन नाही’ म्हटलं की प्रश्न तिथेच संपतो. मशीन येईपर्यंत कोणी काही करायचं नाही, आणि सिस्टरची जागा रिकामी का, हे कोणी विचारायचंही नाही.

दुसरी शंका लगेच येते: डॉक्टर नाही, नर्सने बघायचं, ते कितपत खरं धरायचं? याचं उत्तर आपल्याच राज्यात मिळालेलं आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए केली. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

मात्र व्हीआयए परिपूर्ण आहे असं मी म्हणणार नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या साथीने १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, तो २००९ मध्ये छापून आला. तिथे एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मात्र ते जवळपास निम्म्यावर आले. (दोन्ही अभ्यासांत तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी दिलेली नव्हती. त्यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती योग्यच होती.) या दोन अभ्यासांच्या निकालांतून कळतं ते इतकंच की व्हीआयए एकदा करून विसरायची नाही, ती पुन्हापुन्हा व्हायला हवी. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून एचपीव्ही चाचणीलाच प्राधान्य द्या म्हणते. ज्या जिल्ह्यातल्या बायकांनी जगाला हे शिकवलं, तिथल्या सरकारी दवाखान्यात ती चाचणी सहज मिळायला हवी, ही मागणी जरूर करावी. ती पुरी होईपर्यंत समोर आहे ती तपासणी सोडू नये.

‘सरकारीत होत नाही’ या समजुतीची खरी किंमत कुठे मोजली जाते, तेही बघा. अंगावरून पांढरं जातं म्हणून बाई खासगीत जाते. बहुतेक वेळा ते साधं इन्फेक्शन असतं, औषधांनी बरं होणारं. पण ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ असं ऐकलं की घरचे घाबरतात आणि कर्ज काढून पिशवी काढून टाकतात. बीडच्या ऊसतोड महिलांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कॅन्सरची भीती दाखवली गेली, असं अनेकींनी सांगितलं. त्या ऐन तिशी-चाळिशीतल्या बायकांना आधी कोणी दोन मिनिटं टेबलावर घेऊन नीट बघितलं होतं का?

म्हणून दवाखान्यात गेल्यावर ‘मशीन आहे का’ असं विचारू नका. ‘व्हीआयए कोणत्या दिवशी असते, कोण करतं?’ असं विचारा. होत नसेल तर जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागा. पाळीचे दिवस टाळून जा.

आता बाकीचे समज. ‘व्हीआयए पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर’: नाही, बहुतेकींना कॅन्सर नसतो; पुढची तपासणी हवी एवढाच त्याचा अर्थ, आणि कॅन्सरपूर्व बदल निघालेच तर ते पिशवी न काढताही काढता येतात.

‘सोनोग्राफी नॉर्मल आली’: आली असेल, पण पिशवीच्या तोंडावरचे हे सुरुवातीचे बदल सोनोग्राफीत दिसत नाहीत.

‘काही त्रासच नाही’: त्रास नसतो तेव्हाच तपासायचं असतं, रक्त जायला लागेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो.

‘वाईट चालीच्या बाईला होतो’: ज्यांचे कधीही शारीरिक संबंध आले आहेत अशा बहुतेक स्त्रीपुरुषांना एचपीव्ही कधी ना कधी गाठतो, तेव्हा या वाक्याला थारा देऊ नका.

‘पाळी गेली, आता कशाला’: धोका संपत नाही. या वयात तपासायची जागा आत सरकते आणि व्हीआयएत नीट दिसत नाही, म्हणून पॅप (पेशींची) किंवा एचपीव्ही चाचणीची चिठ्ठी मागावी.

‘लस आली, आता तपासणी नको’: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस २०२३ मध्ये बाजारात आली. मुलीला ती जरूर द्या. तिचा सगळ्यात जास्त फायदा संसर्ग होण्याआधी घेतली तर होतो, आणि झालेला संसर्ग ती बरा करत नाही. चाळिशीच्या आईला तपासणीच लागणार, आणि लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर ती चुकत नाही, कारण कॅन्सर घडवणारे एचपीव्हीचे सगळेच प्रकार या लशीत येत नाहीत.