कुकरची शिट्टी आणि मोटारीतले पेट्रोल

कोकणातल्या मोटारीचे वर्ष पंचांगाप्रमाणे चालते. गणपतीला ती मखराच्या जोडीने घासूनपुसून बाहेर निघते, दिवाळीत पाहुण्यांना स्टेशनवरून घरी आणते, शिमग्याला पालखी बघायला जाते. आणि मधले महिने अंगणातल्या पत्र्याखाली, ताडपत्री पांघरून, मुंबईच्या मालकाची वाट बघत उभी असते. आमच्या खेड तालुक्यात अशा मोटारी वाडीवाडीला आहेत. पुष्कळशा २००० च्या आगेमागे घेतलेल्या. मुंबईत मुलाने नवी गाडी घेतली, तेव्हा जुनी वडिलांकडे गावी आली. सणाला ती बाहेर काढावी, भोस्ते घाटाच्या पहिल्या वळणावर तिने धाप टाकावी, आणि मालकाने भरणे नाक्यावर येऊन मिस्त्रीला सांगावे, "गाडी ओढत नाही हो!" हा क्रमही आता ठरूनच गेला आहे.

या तक्रारीवर अलीकडे एक औषध हमखास सुचवले जाते: कंपनीचा रेग्युलेटर काढा आणि बाहेरचा बसवा. लाल किंवा निळ्या रंगाचा, चकचकीत, डोक्यावर फिरवायचा स्क्रू आणि पोटावर घड्याळासारखे गेज. पुतण्या मुंबईहून तो घरपोच पाठवतो आणि फोनवर सांगतो, "काका, दाब वाढवा, पिकअप सुधारेल."

माझा व्यवसाय मराठी शिकवण्याचा, त्यामुळे मला या गोंधळाचे मूळ शब्दात दिसते. आपल्या घरात रेग्युलेटर प्रथम आला तो पंख्याचा. तो फिरवला की वारा वाढतो. साहजिकच मोटारीचा रेग्युलेटर फिरवला की जोर वाढेल असे वाटते. पण मोटारीतला हा प्राणी पंख्याच्या जातीचा नाही. तो कुकरच्या शिट्टीच्या जातीचा आहे. शिट्टी वाफ तयार करीत नाही. खालच्या शेगडीने केलेली वाफ ठरलेल्या दाबापलीकडे गेली की ती बाहेर सोडते, एवढेच तिचे काम. शिट्टीवर वरवंटा ठेवला म्हणून भात अधिक चांगला शिजत नाही. भलतेच काही होते.

मोटारीतही असेच आहे. टाकीतला विजेचा पंप इंजिनाला लागते त्याहून पुष्कळ जास्त पेट्रोल पुढे ढकलतो. ते एका नळीत, जिला रेल म्हणतात तिच्यात, साठते आणि तिथून इंजेक्टर त्याचे बारीक फवारे इंजिनात सोडतात. रेलच्या टोकाला रेग्युलेटर असतो. आत एक रबरी पडदा, त्यावर स्प्रिंग. दाब स्प्रिंगला भारी झाला की पडदा उचलला जातो आणि जादा पेट्रोल रिटर्नच्या पाइपने टाकीत परत जाते. हा दाब बहुतेक गाड्यांत अडीच ते तीन बारच्या आसपास असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या दुरुस्तीच्या पुस्तकात असतो आणि तोच प्रमाण मानावा. शेजाऱ्याच्या गाडीचा नव्हे.

यात एक खुबी आहे आणि ती घाटातच कळते. रेग्युलेटरच्या डोक्यातून एक बारीक रबरी नळी इंजिनाच्या हवेच्या वाटेकडे गेलेली असते. गाडी उभी राहून नुसती फुरफुरत असते, तेव्हा हवेचा दरवाजा जवळजवळ बंद असतो आणि इंजिन आतून ओढत असते. तिथे पोकळी निर्माण होते. इंजेक्टरचे तोंड त्याच पोकळीत उघडते, म्हणजे पेट्रोल मागून ढकललेही जाते आणि पुढून ओढलेही जाते. ते ज्यादा पडू नये म्हणून हीच पोकळी त्या नळीतून पडद्याला थोडे वर उचलते आणि रेलमधला दाब अर्ध्या बारच्या आसपास उतरवते. घाट लागला, पाय दाबला, की दरवाजा सताड उघडतो, पोकळी नाहीशी होते आणि दाब आपोआप पूर्ववत चढतो. आपण गाणी ऐकत बसलेले असतो आणि तो पडदा वळणावळणाला ही देवघेव करीत असतो. त्यासाठी ना संगणक लागतो, ना वीज.

आता दाब वाढवला तर काय होते? इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. तीनाचा दाब चार केला, तर पेट्रोल एक तृतीयांशाने वाढत नाही. सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. पण गाडीच्या धुराड्यात प्राणवायू मोजणारी एक कांडी असते. तिने "पेट्रोल जास्त होते आहे" असे सांगितले की इंजिनाचा संगणक इंजेक्टर तेवढा कमी वेळ उघडतो. म्हणजे सपाटीवर आपण वाढवलेले त्याने कमी केले, हिशेब शून्य. पाय पूर्ण दाबल्यावर मात्र संगणक त्या कांडीचे ऐकत नाही, आणि तेव्हा ते जादा पेट्रोल खरोखर आत जाते: काळा धूर, काजळलेले प्लग, सिलिंडरच्या भिंतीवरचे धुऊन निघालेले ऑइल, आणि धुराड्यातल्या महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे आयुष्य कमी. कंपनीच्या अवस्थेतल्या निरोगी गाडीला नुसत्या दाबाने जोर येत नाही.

मग बाहेरचा रेग्युलेटर घेऊच नये काय? तसे नाही. तो घ्यावा लागतो, पण कारण पाहून. आमच्या आळीतल्या एका निवृत्त गृहस्थांची गाडी हे चांगले उदाहरण आहे. गाडी वीस वर्षांवरची. काळा धूर, पेट्रोलचा वास, ॲव्हरेज निम्म्यावर. मुलाने मुंबईहून लाल रेग्युलेटर पाठवला होता. मिस्त्री शहाणा निघाला. त्याने खोके उघडलेच नाही. आधी जुन्या रेग्युलेटरच्या डोक्यावरची ती बारीक नळी उपसली. तिच्यातून पेट्रोलचे दोन थेंब पडले. तिथे पेट्रोलचा थेंबही असता कामा नये. पडदा फाटला होता, आणि त्या नळीवाटे पेट्रोल मोजमापाशिवाय थेट इंजिनात जात होते. त्याने ऑइलची कांडी काढून हुंगली. ऑइलला पेट्रोलचा वास! मग रिटर्नच्या पाइपवरून बोट फिरवले. रबराला भेगा पडल्या होत्या, आणि तो पाइप गरम धुराड्याच्या वरूनच गेला होता. चतुर्थीच्या दोन दिवस आधीची ही गोष्ट, आणि त्या गाडीतून सून व दोन नातवंडे चिपळूणला जायची होती. मिस्त्रीने किल्ली खिशात घातली आणि म्हणाला, "पाइप बदलल्याशिवाय गाडी हलायची नाही."

सांगायचे हे की आधी तपास, मग खरेदी. तपासाला एक प्रेशर गेज आणि त्याचा तिकाटणी जोड लागतो. चावी फिरवून पंप चालू केल्यावर दाब किती चढतो, इंजिन फुरफुरताना किती उतरतो, आणि बंद केल्यावर किती वेळ टिकतो, हे तीन आकडे लिहून ठेवावेत. दाब कमी आहे असे दिसले, तर मिस्त्री रिटर्नचा रबरी पाइप क्षणभर चिमटून पाहतो. दाब झटकन चढला, तर पंप ठीक आहे आणि दोष रेग्युलेटरचा. चढलाच नाही, तर पंप थकला आहे किंवा फिल्टर चोंदला आहे. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत हेच अधिक संभवते, कारण शिळे पेट्रोल चिकट होते. इंजिन बंद केल्यावर दाब लगेच गळत असेल, तर सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. पण तो दोष रेग्युलेटरचा असेल, पंपातल्या झडपेचा असेल किंवा इंजेक्टरचाही असेल. फिल्टर स्वस्त असतो. पुष्कळ घाटातल्या धापा तेवढ्यात बऱ्या होतात.

दोष रेग्युलेटरचाच ठरला, तर दोन वाटा. पहिली म्हणजे मूळ मापाचा, मूळ दाबाचा पण दुसऱ्या कारखान्याचा सुटा भाग. तो जुन्याच्या जागी दोन स्क्रूंनी बसतो. घरच्या गाडीला हाच योग्य, आणि आमच्या शेजाऱ्यांनी शेवटी हाच घेतला. दुसरी वाट म्हणजे स्क्रूने दाब कमीजास्त करता येणारा. ऑस्ट्रेलियाच्या टर्बोस्मार्ट किंवा अमेरिकेच्या एरोमोटिव या कंपन्या असे रेग्युलेटर करतात, आणि त्यांच्या हुबेहूब नकलाही बाजारात पैशाला पासरी मिळतात. इंजिनाला टर्बो बसवला, इंजेक्टर मोठे घातले, शर्यतीची गाडी केली, तर हा हवा. किंवा मूळ भाग मिळेनासा झाला असेल तर. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली. त्याच्याही आधी बंद झालेल्या ओपेल गाड्या ज्यांनी जिवापाड जपल्या आहेत, त्यांना सुट्या भागांसाठी वणवण करावी लागते. त्यांनी असा रेग्युलेटर मूळ दाबावर लावून घेतला, तर त्यात गैर काही नाही.

खरेदीपूर्वी बॉनेट उघडून एक गोष्ट मात्र पाहावी. आपल्या गाडीला रिटर्नचा पाइप आहे का? पुढच्या काळातल्या पुष्कळ गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच, पंपाशेजारी असतो आणि पुढे एकच पाइप येतो. अशा गाडीत बाहेरचा रेग्युलेटर बसवायचा म्हणजे टाकीपर्यंत नवा पाइप ओढणे आले. तो उद्योग घरगुती गाडीला करू नये. आणि पद्मिनीसारखी कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल, तर तिचे सगळे गणितच वेगळे. तिथला दाब एका बारच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. फ्लशच्या टाकीतल्यासारखा एक फ्लोट पेट्रोल अडवतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप तिथे जोडला, तर फ्लोटला न जुमानता पेट्रोल वरून वाहील. तिच्यासाठी कमी दाबाचे, कार्ब्युरेटरच्या अलीकडे बसणारे निराळे रेग्युलेटर असतात. तेही मूळ यांत्रिक पंप शाबूत असेल, तर लागत नाहीत.

आणखी एक प्रश्न नवा आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल १० टक्के झाले ते २०२२ साली. २०२५ पर्यंत ते २० टक्क्यांवर गेले. त्याला टिकणारे रबर नव्या गाड्यांत एप्रिल २०२३ पासून घातले जाऊ लागले. आपल्या अंगणातल्या गाडीचे रबर त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून पडदा आणि ओ-रिंग इथेनॉलला टिकणाऱ्या आहेत का, हे दुकानदाराला विचारावे. नुसते "हो हो, चालतंय" असे उत्तर आले, तर दुसरे दुकान पाहावे. पाइपवर "जे ३० आर ९" असा छाप असला, तर तो इंजेक्शनच्या दाबाचा. "आर ७" असला, तर तो कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी केलेला; दोन्ही काळे, दोन्ही सारखेच दिसतात. क्लिपही आडव्या खाचा कापलेली नको, पाइपला कापीत नाही अशी गुळगुळीत पट्टीची हवी.

बसवण्याचे काम इंजिन थंड असताना, उघड्यावर करावे. देवघरातल्या समईपासून आणि बिडी ओढणाऱ्या हितचिंतकांपासून दूर. पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करावे. आतले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडते आणि दाब उतरतो. मग बॅटरीची ऋण तार सोडावी. तरीही जोड सोडताना त्याभोवती फडके धरावे. थोडे पेट्रोल येतेच. ओ-रिंग नवी घालावी आणि तिला स्वच्छ ऑइलचे बोट लावावे, म्हणजे ती चिरत नाही. प्लंबरची पांढरी टेप ओ-रिंगच्या जोडाला किंवा शंकूसारख्या टेकणाऱ्या जोडाला गुंडाळू नये. तिथे गळती आटे थांबवीत नाहीत, आणि टेपचा एखादा तुकडा रेलमध्ये गेला की इंजेक्टरचे तोंड बंद. स्क्रूचा रेग्युलेटर असेल, तर तो रेलच्या पुढे, रिटर्नच्या बाजूला जोडायचा, धुराड्यापासून लांब. आणि इंजिन हलते तेव्हा पाइप ताणू नये इतका सैल ठेवायचा.

मग पुन्हा फ्यूज, पुन्हा तार, आणि इंजिन चालू न करता चावी दोन-तीनदा फिरवून प्रत्येक जोड बॅटरीच्या उजेडात पाहायचा. कोरडा असेल, तरच सेल्फ. बारीक नळी काढून तिचे तोंड बंद करावे, पुस्तकातल्या आकड्यावर दाब लावावा, लॉकनट आवळावा, नळी परत जोडावी. दाब थोडा उतरला म्हणजे पडदा काम करतो आहे. द्रव भरलेले गेज बॉनेटखालच्या उष्णतेने चुकीचा आकडा दाखवते, म्हणून लावणी थंड असतानाच करावी.

कायद्याचे दोन शब्द. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२व्या कलमाप्रमाणे, आणि २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अधिकच स्पष्टपणे, कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपापासून गाडी वेगळी करता येत नाही. त्याच मापाचा भाग बदलणे ही दुरुस्ती. टर्बो, मोठे इंजेक्टर आणि चढवलेला दाब हा मात्र आर.टी.ओ.शी आणि विमा कंपनीशी आधी बोलण्याचा विषय आहे.

फाटक्या पडद्यामुळे ऑइलमध्ये पेट्रोल गेले असेल, तर ऑइल आणि त्याचा फिल्टर त्याच दिवशी बदलावा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी चालू करण्यापूर्वी, जोडांवरून कोरडे बोट फिरवून हुंगावे; आठवड्याने क्लिपा पुन्हा एकदा पाहाव्यात. आणि नव्या रेग्युलेटरबरोबर ती बारीक नळीही नवी घालावी. ती वीतभर पुरते आणि तिची किंमत चहा-भजीपेक्षा फारशी जास्त नसते.