उमरेडचं पान

सकाळी ९. आल्याआल्या फ्यूम हूडमधली काचपात्रं बघते. उमरेडच्या कोळसा खाणीतल्या शेलवरून सुटलेले पानाचे काळे तुकडे काल नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम क्लोरेटमध्ये ठेवले होते. काळा रंग उतरून तपकिरी छटा आली की ते लगेच काढायचे. उशीर केला, तर हातात काहीच उरत नाही. अजून थोडा वेळ लागेल असं दिसतंय.

९.३०. तोवर त्याच पानाचा ठसा. नोंदवहीत नाव आहे गँगामॉप्टेरिस. मध्यशीर नाही, टोकाकडे रुंद, तळाकडे निमुळतं होत गेलेलं. म्हणून ते नाव पडलं असावं. पण गँगामॉप्टेरिसच्या शिरा एकमेकींना मिळून जाळी करतात. दिवा तिरका करून भिंगाखाली पाहिलं, तर इथे प्रत्येक शीर दुभंगून सरळ कडेपर्यंत जाते. एका जागी विद्यार्थिनीने बोट ठेवलं. "मॅडम, इथे जुळल्यात." सुईने कण उचलले. खाली दुसरं पान दडलं होतं. आडवी गेलेली शीर त्याची होती.

११. जुने निबंध. मला दिवसातली ही वेळ सर्वांत आवडते. अशी पानं नागपूर परिसरात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने गोळा केली. १८६१ मध्ये बनबरीने एका जातीला त्याचं नाव दिलं, पण प्रजाती म्हणून युरोपातली नोएगेराथिया लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. १८७९ मध्ये फाइस्टमँटेलने नोएगेराथिऑप्सिस ही वेगळी प्रजाती केली. १९२० मध्ये सिवर्ड आणि बिरबल साहनी यांनी हीच पानं कॉर्डायटीसमध्ये धरली. कॉर्डायटीस म्हणजे उत्तरेकडच्या कोळशाच्या जंगलांतलं झाड. हे नाव लावलं, की दक्षिणेकडच्या गोंडवन खंडातलं झाड आणि तिकडचं झाड एकाच कुळातलं ठरतं, तेही केवळ पानाच्या आकारावरून. एवढं ओझं पानाने पेलू नये, असं माझं ठाम मत आहे.

दुपारी २. तुकडे धुऊन सौम्य अमोनियात सोडले. काळपट तपकिरी द्रव सुटू लागला आणि उरलं दुधावरच्या सायीइतकं पातळ क्युटिकल. ब्रशच्या टोकाने वरचा आणि खालचा पदर वेगळे केले. खालचा कडेला फाटला, तरी मधला भाग पुरेसा आहे.

४. सूक्ष्मदर्शक. पर्णरंध्रं खालच्या पदरावर, शिरांच्या मधल्या पट्ट्यांत विखुरलेली. सायबेरियातल्या अशाच पानांसाठी मेयेनने १९६३ मध्ये रुफ्लोरिया प्रजाती केली. तिच्यात पर्णरंध्रं खोल खाचांमध्ये असतात. इथे खाच कुठेच नाही. फोटो काढले, मापं घेतली.

५.३०. नोंदवहीत गँगामॉप्टेरिसवर एक रेघ मारली, खालचं नाव वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं : नोएगेराथिऑप्सिस. जातीची जागा मोकळी ठेवली आहे. तळाचा भाग तुटलेला असताना हिस्लॉपी लिहिणं मला पटत नाही. उद्या त्याच थरातली उरलेली पानं काढायची.