उत्तरेची खिडकी आणि एक जुनी शीट

हुबळीत कोप्पीकर रोडच्या एका पोटगल्लीत माझ्या आर्किटेक्ट मित्राचं ऑफिस आहे. जिना अरुंद, खाली कापडाचं दुकान, वर दोन टेबलं, एक प्लॉटर आणि सतत फिरणारा पंखा. परवा गेलो तर स्वारी एक्सेलच्या एका शीटशी भांडत बसली होती. नाव होतं ‘फायनल नवी 2’. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली, मूळ कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही. आमच्याकडे लग्नाच्या याद्या आणि बांधकामाच्या शीटा अशाच फिरतात.

“हे बघ की,” तो म्हणाला, “कालपर्यंत यात पास होत होतं, आज तेच आकडे भरले तर नापास म्हणतंय. आज वेगळी शीट उघडली, एवढंच.”

मग आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेतली. ती दुपार त्यातच गेली, आणि हा लेख तिथूनच निघाला.

शीट ज्या नियमांसाठी होती त्याचं नाव इको निवास संहिता. संहिता म्हटलं की आपल्याला चरक आठवतो. ही मात्र घराच्या भिंतींची. केंद्राच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीने, म्हणजे बीईईने, तिचा पहिला भाग डिसेंबर 2018 मध्ये आणला. त्याआधी 2007 पासून ऊर्जा संवर्धन इमारत संहिता होती, पण ती ऑफिसं, मॉल, हॉटेलांसाठी. राहत्या घरांना कुणी हात लावला नव्हता. भारत-स्वित्झर्लंड सहकार्याच्या एका प्रकल्पातून घरांचं गणित तयार झालं. 2021 मध्ये संहितेला दुसरा भाग जोडला गेला: दिवे, पंप, लिफ्ट, सौरऊर्जा वगैरे. 2024 मध्ये सगळंच पुन्हा नव्याने लिहिलं गेलं. मधल्या काळात कायदाही बदलला. ऊर्जा संवर्धन कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 जानेवारी 2023 पासून लागू झाली आणि 100 किलोवॅट किंवा जास्त जोडभार असलेल्या निवासी इमारती त्यात आल्या. ही मर्यादा खाली आणायची मुभा राज्यांना आहे.

सहा वर्षांत तीन आवृत्त्या. सॉफ्टवेअरवाल्याची झोप उडायला एवढं पुरे आहे.

पहिल्या भागाची व्याप्ती कोप्पीकर रोडवर उभं राहून समजून घ्यावी. 500 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 5,400 चौरस फूट किंवा त्याहून मोठा भूखंड असेल तर संहिता लागू. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी मिश्र इमारत असेल तर फक्त बिऱ्हाडाचा भाग मोजायचा. या रस्त्यावर निम्म्या इमारती तशाच. पण जुन्या पेठेतले भूखंड लहान, त्यामुळे त्यातल्या बऱ्याच सुटतात आणि सापडतात त्या शहराबाहेर उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहती.

आता गणित, तेही पहिल्या भागातलंच. सगळा डोलारा एका आकड्यावर उभा आहे, त्याला आरईटीव्ही म्हणतात. घराच्या भिंती आणि खिडक्यांतून दर चौरस मीटरला सरासरी किती उष्णता आत येते, ते वॅटमध्ये. छप्पर यात धरत नाहीत, त्याची वेगळी अट आहे. थंड प्रदेश सोडून सगळीकडे हा आकडा 15 च्या वर जाता कामा नये. तीन गोष्टींची बेरीज करायची: भिंतीतून झिरपणारी उष्णता, काचेतून झिरपणारी उष्णता आणि काचेतून थेट घुसणारं ऊन. प्रत्येकाला एक गुणक. उष्ण-दमट हवामानाला हे गुणक 5.15, 1.31 आणि 65.21. समशीतोष्ण हवामानाला 3.38, 0.37 आणि 63.69. शेवटचा गुणक बघा: एकट्या भिंतीला बदनाम करून भागत नाही, ऊनही आहे.

आम्ही कागदावर एक सरळ चौकोनी घर घेतलं. चारही बाजू सारख्या, प्रत्येक बाजूचा पाचवा हिस्सा खिडकी. भिंत नेहमीची, नऊ इंची विटांची, तिची यू-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता किती सहज आरपार जाते तो आकडा, 2 धरली. साधी काच, तिची यू-व्हॅल्यू 5.8. वर छज्जा, त्यामुळे उन्हाचा शिरकाव 0.65. उष्ण-दमटचे गुणक लावले तर उत्तर आलं 17.9. नापास. समशीतोष्णचे लावले तर 13.9. पास. घर तेच, वीट तीच, छज्जा तोच.

मग हुबळी कुठल्या खान्यात? संहितेतल्या शहरांच्या यादीत बेळगाव उष्ण-दमट, बेंगळूरू समशीतोष्ण, सोलापूर उष्ण-कोरडं. हुबळीकर या तिन्ही गावांना एसटीने जातो आणि तिन्हीकडची हवा घेऊन परत येतो. पठाराच्या कडेला, सह्याद्रीच्या पावसाच्या शेपटाला बसलेलं हे गाव. शीटमध्ये हे सगळं एका ड्रॉपडाउनमध्ये उरकतं. मित्र म्हणाला, “बेळगाव जवळ म्हणून बेळगाव घेतो मी. पण बिल्डर फोन करतो, साहेब, बेंगळूरू घ्या की.” यावर तो हसला, पण यादीत गाव आधीच बांधलेलं असावं, निवडायला देऊ नये, हे त्यालाही पटतं. सॉफ्टवेअर नवं करताना पहिलं काम हेच: पिनकोड घाला, हवामान यंत्राने ठरवावं.

विटेऐवजी हलके एएसी ब्लॉक घातले, यू-व्हॅल्यू 0.8, आणि छज्जा काढून टाकला, तर उष्ण-दमट खान्यात उत्तर 15.3. म्हणजे महागडा ब्लॉक आणूनही काठावर नापास! छज्जा परत लावला की 13.1. आमच्या आजोळच्या घराला प्रत्येक खिडकीवर हातभर छज्जा होता, तो पाडून काचेची भिंत उभी करणाऱ्या पिढीने हा आकडा एकदा हाताने काढून बघावा.

पण कालच्या पास-नापासचं कोडं अजून सुटलं नव्हतं. दोन्ही शीटांत हवामानाचा खाना एकच निवडलेला. चौकोनी घर दोन्हीत घातलं, उत्तर सारखंच आलं. मित्राची खरी इमारत घातली, तर फरक. दोन तास गेले. शेवटी एक लपवलेला कॉलम सापडला.

संहितेत प्रत्येक दिशेला एक वजन असतं. आणि हे वजन अक्षांशावर बदलतं: कर्कवृत्ताच्या, म्हणजे 23.5 अंशांच्या उत्तरेला एक तक्ता, दक्षिणेला दुसरा. ‘फायनल नवी 2’ मध्ये उत्तरेचा, दिल्लीकडचा तक्ता चिकटवलेला होता. कुणीतरी तिकडच्या प्रकल्पासाठी बनवलेली शीट, अक्षांश बदलायचं राहून गेलं. दिल्लीच्या तक्त्यात उत्तर दिशेचं वजन 0.550, आपल्याकडे 0.659. दक्षिणेचं तिकडे 1.089, इकडे 0.966. पूर्व-पश्चिम जवळपास सारखेच, 1.15 च्या आसपास.

चारही दिशांची बेरीज करून बघितली आणि मी खुर्चीत मागे टेकलो. दोन्ही तक्त्यांची बेरीज 3.94. चौकोनी घराला ही चूक कळूच शकत नाही! उत्तरेला जे कमी धरलं ते दक्षिणेला भरून निघतं. मित्राच्या इमारतीचं तोंड मात्र उत्तरेला, मोठ्या खिडक्या सगळ्या तिकडेच. तिथे जुनी शीट सोळा-सतरा टक्क्यांच्या आसपास सूट देत होती.

आता उत्तरेला ऊन कुठून आलं, असं वाचकाला वाटेल. आपण लहानपणापासून उत्तरेची खिडकी थंड म्हणून ऐकलंय. हुबळीचा अक्षांश सुमारे साडेपंधरा. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दहा-बारा तारखेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. मे महिन्यात उत्तरेच्या गॅलरीत वाळत घातलेले पापड कुणी नीट पाहिले असतील त्याला हे पुस्तकावाचून ठाऊक असतं. दिल्लीत सूर्य डोक्याच्या उत्तरेला कधीच जात नाही. सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हं सोडली तर त्यांची उत्तर खरीच थंड.

ही चूक काही भयंकर नव्हे. इमारत पडणार नाही. पण ती शीट चार ऑफिसांतून फिरली असणार आणि सगळीकडे हिरव्या अक्षरांत ‘पास’ म्हणाली असणार.

यावर बाहेर काय करतात, ते बघण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियाने घरांचा ऊर्जा-नियम 1978 मध्ये आणला आणि तो साधारण दर तीन वर्षांनी बदलतात. तिथे नियमाबरोबर सॉफ्टवेअरही नव्याने मान्य करून घ्यावं लागतं. सरकारने ठरवलेली नमुन्याची घरं त्यात घालायची आणि उत्तरं मूळ यंत्राशी जुळली तरच परवाना. नवा नियम लागू झाला की नव्या अर्जांसाठी जुनी आवृत्ती बाद. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संवर्धन संहितेत तर साधीच अट आहे: अहवालावर सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती आणि तो भरणाऱ्या माणसाचं नाव छापलं पाहिजे. शिवाय जागेवर जाणाऱ्या निरीक्षकाला हातात धरता येईल अशी तपासणी-यादी.

एवढं आपल्याकडे झालं तरी पुष्कळ. नमुन्याची घरं मात्र वाकडी निवडावीत. सगळ्या खिडक्या उत्तरेला असलेलं एक, चाळीसारखं लांबट एक, एका बाजूला शेजारची भिंत चिकटलेलं एक. चौकोनी घरावर तपासलेलं सॉफ्टवेअर चौकोनी घरापुरतंच खरं.

आणखी एक जागा आहे जिथे पाणी मुरतं. उष्ण-दमट खान्यात उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र चटई क्षेत्राच्या एक षष्ठांश हवं, समशीतोष्णात एक अष्टमांश. 60 चौरस मीटरच्या फ्लॅटला 10 की साडेसात, असा फरक. पण बाहेर उघडणाऱ्या कवाडाच्या खिडकीचं 90 टक्के क्षेत्र धरतात आणि दोन झडपांच्या सरकत्या खिडकीचं 50. कोप्पीकर रोडपासून विद्यानगरपर्यंत आज सरकती ॲल्युमिनियमचीच बसते. नकाशात कवाड दाखवायचं, जागेवर सरकती लावायची. संगणकाला काय कळणार? ते कळायला यादी घेऊन माणूसच जिना चढला पाहिजे.

नकाशातून क्षेत्रफळं आपोआप उचलता येतात, हे काही नवं नाही. पुण्याच्या सॉफ्टटेकची ऑटो-डीसीआर प्रणाली कॅडची रेखाटनं वाचून समासातली जागा आणि चटई क्षेत्र तपासते, अनेक महापालिका ती वापरतात. मग तीच खिडकी मोजून तिचाच आकडा आरईटीव्हीच्या खान्यात का जाऊ नये? आज बहुतेक ऑफिसांत एक मुलगा नकाशा समोर ठेवून आकडे टायपतो. त्याचं बोट एका खान्याने सरकलं की पश्चिमेची खिडकी वायव्येला जाते. वायव्येचं वजन 0.908, पश्चिमेचं 1.156. बोटाची चूक आणि बिल्डरचा फायदा, दोन्ही एकाच खान्यात बसतात.

साडेपाचला खालच्या दुकानाचा मुलगा चहा घेऊन आला. मित्राने नव्या शीटवर इमारत पुन्हा घातली, उत्तरेच्या खिडक्यांवर दोन फुटांचा छज्जा घातला आणि आकडा 15 च्या खाली आणला. प्रिंट काढल्यावर त्याने पेन घेतलं आणि वरच्या कोपऱ्यात हाताने लिहिलं: उष्ण-दमट, दक्षिणेचा तक्ता, आजची तारीख, सही. मग ‘फायनल नवी 2’ डिलीट केली. व्हॉट्सॲपवर ती अजून असणारच.

“बिल्डरला छज्ज्याचं तू सांगतोस का?” त्याने विचारलं.

मी चहा घेतला.