चेहऱ्यावरची लाली उतरवताना

लग्नाच्या फोटोत नवरीचं नाक, गाल आणि कान लालभडक दिसले, की दोष कॅमेऱ्याचाच असतो असं नाही. त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांतलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश, विशेषतः ५४० ते ५८० नॅनोमीटरचा पट्टा, भरपूर शोषून घेतं. लाल मात्र बराचसा परत येतो. त्यात मांडवाचं कापड लाल असलं, तर त्याचीही झाक गालांवर उतरते.

फोटोशॉपमध्ये एकेक चॅनल वेगळा उघडून पाहावा. लाल चॅनलमध्ये तोच चेहरा नितळ दिसतो. हिरव्यात प्रत्येक पुटकुळी, प्रत्येक चट्टा काळसर उमटतो. म्हणजे लाली हा मुख्यतः हिरव्याचा तुटवडा असतो.

नवशिके सरळ सॅच्युरेशन कमी करतात आणि चेहरा राखेसारखा करून टाकतात. त्याऐवजी ‘ह्यू/सॅच्युरेशन’चा अ‍ॅडजस्टमेंट लेयर घ्यावा, त्यात ‘रेड्स’ निवडावेत आणि ह्यूचा स्लायडर किंचित पिवळ्याकडे सरकवावा. मग लेयरचा मास्क काळा करून, मऊ ब्रशने फक्त लाल भागावर पांढरा रंग हलक्या हाताने फिरवावा. ओठ, कुंकू, मेंदी यांना अजिबात धक्का लागता कामा नये; नवरीचा फोटो तिथेच बिघडतो.

किती उतरवायचं? गाल मानेच्या रंगाशी ताडून पाहावेत, पण थोडी लाली ठेवावीच, नाहीतर माणूस आजारी दिसतो. सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असल्यामुळे लाली तपकिरी किंवा जांभळट वाटते. तिथे स्लायडर आणखी जपून हलवावा.