घोरण्यावरचे यंत्र घेताना

घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे. कित्येकांचा झोपेत घसा मिटून श्वास अडतो आणि दिवसा डुलक्या लागतात. हंगामात सातारा-सांगलीच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली ओढताना अशी डुलकी जिवावर बेतते.

नाकावाटे दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवण्याचा उपाय ऑस्ट्रेलियाच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली मांडला. तेच हे सीपॅप यंत्र.

माती तपासल्याविना खताचा डोस ठरवू नये, तसे झोपेच्या तपासणीविना यंत्र घेऊ नये. दाब डॉक्टरच ठरवतील. मास्क नीट बसतो का, हे शक्यतो आधी भाड्याने वापरून पाहा. रात्री वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टरवर किती तास चालेल तेही विचारा. जुने यंत्र स्वस्तात मिळाले तरी जपून; फिलिप्सने २०२१ मध्ये लाखो यंत्रे परत मागवली होती.