कॅल्शियमची ठिणगी पडते कुठे?

बेडकाचं हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर करत होते. द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलं, की ठोके क्षीण होत जात. नळाच्या पाण्यात केलं, की हृदय बराच वेळ चालत राही. ती करामत नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमची होती. ही गोष्ट १८८३ची.

हृदयाला कॅल्शियम लागतं, हे असं कळलं. पण पेशीत ते नेमकं कुठे पोहोचतं, यावर किती काही अवलंबून आहे, हे उलगडायला आणखी शतक जावं लागलं.

पेशीबाहेर मोकळं कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट असतं. पेशीच्या आवरणातलं दार किंचित उघडलं तरी ते आत घुसतं. मात्र लांबवर जात नाही. आतली प्रथिनं त्याला वाटेतच पकडतात. म्हणून ज्याला निरोप द्यायचा, तो दाराला खेटूनच असावा लागतो.

हृदयाच्या पेशीने ही सोय फार सुंदर केली आहे. तिचं बाहेरचं आवरण दर दोन मायक्रोमीटरवर बारीक नळ्यांच्या रूपाने आत शिरतं. नळीच्या भिंतीला कॅल्शियमचं कोठार जवळजवळ टेकलेलं असतं. मधली फट जेमतेम १५ नॅनोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. नळीतून विजेची लहर आली, की थोडं कॅल्शियम या फटीत उतरतं. जागा एवढीशी असल्याने त्याची तीव्रता क्षणात चढते आणि समोरच्या कोठाराची दारं उघडतात. असा एकेक स्फोट १९९३ साली चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या मदतीने प्रथम दिसला. त्याला नाव मिळालं ‘कॅल्शियम ठिणगी’. दर ठोक्याला पेशीत अशा हजारो ठिणग्या एकदम उडतात आणि पेशी आकुंचन पावते.

रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूत मात्र ठिणगीचं काम उलटं आहे. अमेरिकेत मार्क नेल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली ते दाखवलं. तिथे ठिणगी आवरणालगत उडते आणि पोटॅशियमची दारं उघडते. पोटॅशियम बाहेर पडतं, विद्युतदाब बदलतो, कॅल्शियमची बाहेरची दारं मिटू लागतात आणि स्नायू सैलावतो. तेच कॅल्शियम पेशीभर वाढलं, तर हाच स्नायू आवळतो.

हृदय निकामी होऊ लागतं, तेव्हा पेशीतल्या नळ्या विरळ आणि वेड्यावाकड्या होतात. कोठाराची काही दारं नळीपासून तुटतात. संशोधक त्यांना ‘अनाथ’ म्हणतात. ती उशिरा उघडतात, पेशी एकसाथ आकुंचत नाही आणि ठोक्याचा जोर घटतो. या नळ्यांची घडी नीट ठेवणारं बिन-१ नावाचं प्रथिन आहे. त्याचं जनुक आजारी उंदरांच्या हृदयात पोहोचवून ती घडी पुन्हा बसवण्याचे प्रयोग आता झाले आहेत.