झोपेचे मोजमाप
खालापूर तालुक्यातील खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून 1915 साली मुंबईला वीज गेली. आज त्याच तालुक्यात कारखान्यांच्या रात्रपाळ्या चालतात आणि शेजारच्या कर्जतचे चाकरमानी पहाटेच्या लोकलने शंभर किलोमीटरांवरची मुंबई गाठतात. झोप येत नाही, ही त्यांची तक्रार खोटी नव्हे. लाळेचा नमुना घरी घेऊन प्रयोगशाळेकडे धाडावयाचे मेलॅटोनिन-चाचणीचे संच आता निघाले आहेत. आरन लर्नर यांनी 1958 साली शोधलेले हे संप्रेरक अंधारात स्रवते, प्रखर उजेडात ओसरते. म्हणूनच एकाच नमुन्यावरून फारसे काही ठरत नाही. संध्याकाळपासून मंद प्रकाशात बसून तासातासाला नमुने घ्यावे लागतात. (पाळीवाल्याला एवढी सवड मिळावी कोठून?) मग कळते ते इतकेच, की शरीराची रात्र केव्हा सुरू होते. पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकता ठेवणे कारखानदारांना या चाचणीवाचूनही साधेल.